मूतखडा, पित्त आणि पाळीच्या तक्रारी एकाच घरात असतील तर...

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर मूतखडा, वारंवार होणारे आम्लपित्त, पाळीची अनियमितता, वंध्यत्व अशा विषयांवर तज्ज्ञांचे लेख अधूनमधून येतात आणि मी ते आवर्जून वाचतो. आपापल्या जागी ते योग्यच असतात. परंतु हे सगळे विकार एकाच मुळातून निघतात असा एक आनुवंशिक आजार आहे आणि त्याविषयी मराठी वृत्तपत्रांत फारच थोडे लिहिले जाते. सातारा जिल्ह्यात दीर्घकाळ फिजिशियन म्हणून काम करून निवृत्त झाल्यावर या आजाराची लक्षणे सर्वसामान्य वाचकांपर्यंत, आणि जमल्यास माझ्या तालुक्याच्या ठिकाणच्या व्यवसायबंधूंपर्यंतही पोहोचावीत, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

या आजाराचे नाव मल्टिपल एंडोक्राइन निओप्लाझिया, प्रकार १. डॉक्टर मंडळी बोलताना त्याला 'मेन वन' म्हणतात. शरीरातील ज्या ग्रंथी संप्रेरके (हार्मोन्स) तयार करून थेट रक्तात सोडतात, त्यांपैकी एकाहून अधिक ग्रंथींमध्ये गाठी होणे हे त्याचे स्वरूप. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी, स्वादुपिंड व त्याला लागून असलेला लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ही त्याची तीन मुख्य ठिकाणे. न्यूयॉर्कमधील डॉ. पॉल वर्मर यांनी १९५४ साली एका कुटुंबातील वडील आणि त्यांच्या मुलींमध्ये हा प्रकार नोंदवून तो आनुवंशिक असल्याचे मांडले. त्याला कारणीभूत असलेले जनुक ११ व्या गुणसूत्रावर १९९७ साली सापडले. ते जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते ते 'मेनिन' पेशींच्या वाढीला लगाम घालते. तो लगाम सुटला की गाठी वाढू लागतात. साधारण ३०,००० माणसांमागे एकाला हा आजार असावा असे मानले जाते, म्हणजे तो दुर्मीळ खराच, पण एका घरात तो शिरला की त्या घरापुरता दुर्मीळ राहत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्याला, मग मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. आनुवंशिक आजार म्हटला की 'नात्यात लग्न केले म्हणून' असे आपल्याकडे लगेच म्हटले जाते. येथे त्याचा संबंध नाही. मामाच्या मुलीशी लग्न केलेले असो वा पूर्णपणे परक्या घरातील मुलीशी, दोष असलेली एकच प्रत पुरेशी असते. सुमारे १० टक्के रुग्णांत तर हा दोष आईवडिलांकडून न येता त्यांच्यातच नव्याने उद्भवलेला असतो.

बहुतेक रुग्णांत सुरुवात पॅराथायरॉइडपासून होते. थायरॉइडच्या मागे तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात आणि रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे त्यांचे काम. 'मेन वन'मध्ये विशीतच या ग्रंथी अतिरेकी काम करू लागतात आणि पन्नाशीपर्यंत दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत हा बिघाड आढळतो. त्याची लक्षणे मात्र फसवी असतात. पुन्हा पुन्हा होणारे मूतखडे, सतत तहान, रात्री अनेकदा लघवीला उठावे लागणे, बद्धकोष्ठता, अंगात त्राण नसणे, हाडे दुखणे, किरकोळ पडझडीने हाड मोडणे, मन उदास होणे, क्वचित स्वादुपिंडाला सूज येऊन पोटात असह्य कळ येणे, यांतील कोणते लक्षण आपल्याकडे आजार म्हणून गांभीर्याने घेतले जाते? मूतखडा म्हटला की बोअरचे क्षाराचे पाणी, टोमॅटोच्या बिया आणि पालक यांच्यावर खापर फुटते, कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने सुरू होतात आणि खडा पडला की विषय संपतो. बहुसंख्य खडेवाल्यांना हा आजार नसतो हे मान्यच आहे. पण चाळिशीच्या आत ज्याला दुसऱ्यांदा खडा झाला, किंवा ज्याच्या दोन्ही मूत्रपिंडांत खडे आहेत, त्याच्या रक्तातील कॅल्शियम एकदाही तपासले गेलेले नसावे, हे मला कधीच पटलेले नाही. सोनोग्राफी तीनदा होते, खडा फोडण्यावर हजारो रुपये खर्च होतात आणि अगदी साध्या प्रयोगशाळेत होणारी ही स्वस्त तपासणी तेवढी राहून जाते.

याहून घातक गोष्ट हाडदुखीची. 'हाडे दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी झाले' हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की औषधाच्या दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणि दवाखान्यातून ६ लाख युनिटचे 'ड' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन कसलीही तपासणी न करता दिले जाते. या आजारात हाडे दुखतात ती हाडांतील कॅल्शियम निघून रक्तात जात असल्यामुळे. अशा माणसाच्या रक्तात वरून आणखी कॅल्शियम ओतणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे. उलट बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास असल्याने काही रुग्णांत वाढलेले कॅल्शियम झाकले जाते आणि ती कमतरता सावकाश, देखरेखीखाली भरून काढल्यावरच खरा आकडा दिसतो. म्हणून एकदाची तपासणी 'बरी' आली म्हणून फाइल बंद करू नये.

अहवाल वाचण्यातही एक मोठी चूक होते, आणि ती मी जवळून पाहिली आहे. तिशी नुकतीच ओलांडलेला एक शेतकरी तरुण माझ्याकडे आला तेव्हा दुसऱ्यांदा खडा फोडून घेतलेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे सगळे कागद होते. त्यात एका शहरातील प्रयोगशाळेचा अहवाल होता, कॅल्शियम ११.६ मिलिग्रॅम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक ६१. कॅल्शियमचा आकडा ठळक अक्षरात छापलेला होता. संप्रेरकाचा आकडा साधाच होता, कारण छापील मर्यादा १५ ते ६५ अशी होती. त्यामुळे त्या कागदावर कोणीतरी पेनाने 'पॅराथायरॉइड नॉर्मल' असे लिहून ठेवले होते. वास्तविक कॅल्शियम एवढे चढले असताना निरोगी पॅराथायरॉइडने काम जवळजवळ थांबवायला हवे आणि संप्रेरक अगदी तळाला जायला हवे. ते ६१ असणे हाच आजाराचा पुरावा होता. संगणक प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे तपासतो. दोन आकडे शेजारी ठेवून वाचण्याचे काम डॉक्टरचेच. (रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर ४ च्या खालच्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवून वाचावे लागते, तसेच दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवून घेतलेल्या रक्तात कॅल्शियम खोटेच जास्त दिसते, हेही येथे नमूद करतो.)

त्या तरुणाला मी घरच्यांविषयी विचारले. बहिणीची पाळी बंद होती आणि तिला 'गाठीसाठी आठवड्याला दोन गोळ्या' चालू होत्या. वडील पन्नाशीच्या आतच रक्ताची उलटी होऊन गेले होते आणि गावाने त्यावर 'दारूने गेला' असा शिक्का मारला होता. वडिलांनी उभ्या आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता, हे तो मला एखादी बदनामी पुसून टाकावी तशा आवाजात सांगत होता. तीन माणसे, तीन आजार, तीन वेगवेगळे डॉक्टर आणि कोणाच्याही केसपेपरवर घरातील इतरांचा उल्लेख नाही.

रक्ताच्या उलटीचा संबंध असा आहे. स्वादुपिंडात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला होणाऱ्या काही गाठी गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि जठरात आम्लाचा पूर येतो. अमेरिकेतील झॉलिंगर आणि एलिसन या शल्यचिकित्सकांनी १९५५ साली हा प्रकार वर्णिला. 'मेन वन'च्या रुग्णांत स्वादुपिंडाच्या कार्यशील गाठींपैकी हीच सर्वाधिक आढळते. जळजळ, नेहमीच्या उपचारांना न जुमानणारा किंवा बरा होऊन परत येणारा अल्सर, आणि त्याच्या जोडीला पातळ जुलाब ही तिची लक्षणे होत. जळजळ आणि जुलाब ही जोडी ज्याला आहे त्याने ती डॉक्टरांना मुद्दाम सांगावी, कारण रुग्ण बहुधा जळजळीसाठी एकाकडे आणि जुलाबासाठी दुसऱ्याकडे जातो. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारख्या गोळ्यांनी असे अल्सर फुटून मरणाऱ्यांची संख्या खूप घटली, हे त्या गोळ्यांचे मोठे श्रेय आहे. पण त्याच गोळ्या आज चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे घेतल्या जात असल्याने लक्षण दबते आणि गाठ मात्र वाढत राहते. या गोळ्यांनी गॅस्ट्रिनचा आकडाही वाढतो, त्यामुळे तपासणीपूर्वी त्या थांबवाव्या लागू शकतात. मात्र हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. खरोखर ही गाठ असल्यास एकाएकी गोळ्या थांबवल्याने अल्सर फुटून जिवावर बेतू शकते.

स्वादुपिंडातील दुसऱ्या प्रकारची गाठ इन्सुलिन सोडते आणि तिच्यामुळे होणारी वाताहत सर्वांत चमत्कारिक असते. मधुमेह नसलेला, साखरेची कोणतीही गोळी न घेणारा माणूस पहाटे किंवा जेवणाला उशीर झाल्यावर घामाने डबडबतो, थरथरतो, असंबद्ध बोलतो, घरच्यांना ओळखत नाही, कधी फिट येऊन पडतो, आणि साखरपाणी दिल्यावर थोड्याच वेळात सावरतो. पुष्कळदा काय बोललो हे त्याला आठवतही नाही. हरतालिकेच्या किंवा निर्जळी एकादशीच्या उपवासाला असे झाले तर घरात 'अंगात आले' म्हणतात. एरवी फेफरे म्हणून मेंदूच्या गोळ्या सुरू होतात. सारखे खाल्ल्याने बरे वाटते हे रुग्णाला आपसूक कळलेले असते, म्हणून काहींचे वजनही वाढते. अशा वेळी झटका चालू असतानाच साखर तपासणे हाच निदानाचा राजमार्ग आहे आणि आज घरोघरी ग्लुकोमीटर असल्याने ते अवघड नाही. लक्षणे चालू असताना साखर ५५ च्या खाली, आणि साखर दिल्यावर लक्षणे नाहीशी, असे दिसले तर रुग्णालयात दाखल करून देखरेखीखाली उपाशी ठेवून इन्सुलिनची तपासणी करतात. हा प्रयोग घरी करायचा नाही.

पिट्युटरीच्या गाठी १०० पैकी ३० ते ४० रुग्णांत होतात आणि त्यांतील बहुसंख्य प्रोलॅक्टिन, म्हणजे स्तनांत दूध तयार करवणारे संप्रेरक, सोडणाऱ्या असतात. स्त्रियांमध्ये पाळी लांबणे किंवा थांबणे, बाळंतपण नसताना स्तनांतून दूध येणे, मूल न होणे. पुरुषांमध्ये कामेच्छा व ताकद कमी होणे, दाढी विरळ होणे. मूल होत नसलेल्या जोडप्यात दोष सुनेचा धरून वर्षे घालवायची आणि मुलाची साधी तपासणीही करायची नाही, हा आपला रिवाज असल्यामुळे पुरुषांमधील गाठी फार मोठ्या झाल्यावर, म्हणजे डोके दुखू लागल्यावर आणि डोळ्यांच्या कडेचे दिसेनासे झाल्यावर सापडतात. काही गाठी वाढीचे संप्रेरक सोडतात. त्यांत अंगठी बोटात रुतते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. प्रोलॅक्टिन किंचित वाढलेले दिसले म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही. थायरॉइडची कमतरता असो वा पित्तासाठी पॅन्टोप्रॅझोलसोबत एकाच कॅप्सूलमध्ये येणारे डॉमपेरिडोन असो, त्यांनीही ते वाढते. खऱ्या गाठीवर मात्र बहुधा शस्त्रक्रियाही लागत नाही, गोळ्यांनी ती आक्रसते.

उरलेल्या खुणा थोडक्यात. चेहऱ्यावर मुरमांसारखे दिसणारे पण मुरमांच्या औषधांनी न जाणारे लालसर पुटकुळे, अंगावर चरबीच्या मऊ गाठी, मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथीत सोनोग्राफीत योगायोगाने दिसणारी वाढ. छातीत थायमस ग्रंथीत होणारी गाठ क्वचितच होते, पण ती घातक असते आणि मुख्यतः पुरुषांत, त्यातही धूम्रपान करणाऱ्यांत आढळते. पूर्वी या आजाराचे रुग्ण अल्सरने दगावत. आता स्वादुपिंडातील आणि थायमसमधील कर्करोग ही प्रमुख भीती आहे.

निदानाचा नियम सोपा आहे. तीन मुख्य ठिकाणांपैकी दोन ठिकाणी गाठी असल्या, अथवा एकाच ठिकाणी असून आई, वडील, भावंड किंवा अपत्य यांपैकी कोणाला हा आजार असल्याचे ठरलेले असले, किंवा लक्षणे नसतानाही जनुकातील दोष सापडला, तर तो 'मेन वन' होय. हे आधी कळणे का महत्त्वाचे, तर गळ्याच्या शस्त्रक्रियेचा बेतच त्यावर अवलंबून असतो. एरवीच्या रुग्णात चारांपैकी एकच पॅराथायरॉइड बिघडलेली असते आणि ती काढली की काम होते. 'मेन वन'मध्ये आज ना उद्या चारही बिघडतात. स्कॅनमध्ये एकच चमकली म्हणून तेवढीच काढली तर काही वर्षांनी गळा पुन्हा उघडावा लागतो. म्हणून येथे सर्वसाधारणपणे साडेतीन ग्रंथी काढतात, किंवा चारही काढून एकीचा तुकडा हाताच्या स्नायूत रोवतात. तरुण वयात पॅराथायरॉइडची शस्त्रक्रिया ठरली असेल तर 'हा आनुवंशिक प्रकार तर नाही ना?' हा प्रश्न रुग्णाने शल्यचिकित्सकाला सरळ विचारावा. त्यात उद्धटपणा काही नाही.

कुटुंबात एकाचे निदान झाले की रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी हवी. २०१२ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दोष असलेल्या मुलांची साखर आणि प्रोलॅक्टिन ५ व्या वर्षापासून, कॅल्शियम ८ व्या वर्षापासून आणि गॅस्ट्रिन २० व्या वर्षापासून दरवर्षी पाहतात, आणि ठरावीक अंतराने स्कॅन करतात. घरातील दोष नेमका माहीत असल्यावर ज्या भावंडात तो नाही त्याची या सगळ्यातून कायमची सुटका होते, ही जनुकीय तपासणीची सर्वांत मोठी देणगी. यात आडवी येते ती लग्नाची चिंता. मुलीचे स्थळ मोडेल म्हणून भाऊ आपला आजार लपवतो, आणि बहीण तोच आजार घेऊन सासरी जाते, तेथे वर्षानुवर्षे निदानाविना राहते. मला या घरांविषयी सहानुभूती आहे, पण त्या मौनाचा फायदा कोणालाही होताना मी पाहिलेला नाही.

नावसाधर्म्यामुळे 'मेन टू'विषयीही दोन शब्द. तो वेगळ्या जनुकाचा, १० व्या गुणसूत्रावरील 'रेट'चा आजार आहे. त्यात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग जवळजवळ अटळ असतो आणि अॅड्रिनलमधील गाठीमुळे डोकेदुखी, धडधड आणि घाम यांचे झटके येऊन रक्तदाब एकदम भडकतो. ही गाठ न ओळखता कोणतीही शस्त्रक्रिया केली तर रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. त्याच्या एका प्रकारात लहान मुलाच्या ओठांवर आणि जिभेवर बारीक गाठी असतात. येथे जनुकीय तपासणी थेट जीव वाचवते, कारण दोष सापडलेल्या मुलाची थायरॉइड कर्करोग होण्याआधीच काढता येते. सर्वांत घातक बदल असल्यास पहिल्या वर्षातच, आणि त्याखालोखालच्या बदलात ५ व्या वर्षापर्यंत.

या पार्श्वभूमीवर माझ्या दोन सूचना आहेत. चाळिशीच्या आतील अथवा पुन्हा खडा झालेल्या प्रत्येक रुग्णाचे कॅल्शियम तपासल्याशिवाय त्याला घरी सोडू नये; खडा फोडणाऱ्या केंद्रांना हे सहज शक्य आहे. दुसरे असे की सरकारी असो वा खासगी, केसपेपरवर आईवडील आणि भावंडांच्या आजारांसाठी चार ओळींची जागा छापलेली असावी आणि ती भरलेली असावी. ज्या वाचकांच्या घरात वर सांगितलेल्यांपैकी दोन गोष्टी दोन माणसांत असतील त्यांनी एंडोक्रिनॉलॉजिस्टचा, म्हणजे संप्रेरकांच्या विकारांच्या तज्ज्ञाचा, सल्ला घ्यावा. या विषयाचा स्वतंत्र विभाग मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आहे आणि मोठ्या शहरांत खासगी तज्ज्ञही आहेत. जाताना केवळ आपलेच नव्हे, तर हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचेही जे कागद सापडतील ते सोबत न्यावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त फिजिशियन, सातारा